पाच तास बेचाळीस मिनिटं

साहेबांना दिलेल्या त्या टिपणीत एकही आकडा चुकीचा नव्हता. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या बरोबर आकड्यांमुळेच झालं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. जळगावात एका सहकारी संस्थेचं माती-पाणी तपासणी केंद्र होतं आणि मी तिथे सांख्यिकी सहायक होतो. वय त्रेचाळीस, घरी बायको आणि दोन मुली. केंद्राच्या दोन शाखा होत्या, एक धुळ्याला आणि एक रावेरला. शेतकऱ्यांनी आणलेली माती शाखेत तपासली जायची, आकडे तिथल्या संगणकात भरले जायचे, आणि ते उतरवलेली फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती जळगावला यायची. जळगावच्या मोठ्या मशीनवर सगळं एकत्र करून कोणत्या शेताला काय कमी आहे याचे अहवाल आम्ही छापायचो. मे महिन्यात हे काम अंगावर यायचं. अहवाल पेरणीआधी पोचला तर त्याचा उपयोग, नंतर पोचला तर तो नुसता कागद.

संगणकाची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण रविवारच्या वर्गाला जाऊन मी प्रोग्रॅमिंग शिकलो होतो आणि केंद्रात दुसरं कोणी शिकलं नव्हतं. पुण्याच्या एका गृहस्थांनी जळगावच्या आणि रावेरच्या मशीनवर फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली होती. धुळ्याचं मशीन नंतर आलं, ते मी स्वतः जाऊन सुरू केलं. या सिस्टिमची एक गंमत होती. ती ज्या हजारो ओळींनी बनली होती त्या सगळ्या ओळी सीडीवर सोबत मिळाल्या होत्या. कोणालाही वाचता येत, बदलता येत. मला तेव्हा त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण ते कपाटात आहे, याचा आधार वाटायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला मी जळगावच्या मशीनवर सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली. त्याच आठवड्यापासून पडद्यावर एक इशारा दिसायला लागला. फ्लॉपी घातली, ती जोडून घ्यायची आज्ञा दिली, की इंग्रजीत ओळ उमटायची: फाइल-व्यवस्था बिघडलेली असू शकते, तपासणी करा.

फाइल-व्यवस्था म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची सिस्टिमने ठेवलेली नोंद. ती बिघडली तर फाइल असूनही सापडत नाही, किंवा एका शेताचे आकडे दुसऱ्याच्या फाइलीत निघतात. साक्रीकडच्या बाजरीच्या शेताला रावेरच्या केळीचं खत सांगितलं गेलं तर तो शेतकरी आमच्या दारात पुन्हा कशाला येईल? म्हणून इशारा आला की आम्ही तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचो आणि मग धुळ्याला फोन लावून एकेक नमुना तोंडी ताडून घ्यायचो. एका फ्लॉपीमागे दीड-दोन तास जायचे. तपासणीत काहीही निघायचं नाही. पुढच्या फ्लॉपीला इशारा पुन्हा हजर.

आमचा जळगावचा ऑपरेटर मिस्कील होता. ती ओळ दिसली की तो खुर्ची मागे ढकलून म्हणायचा, “लागली धुळ्याची उचकी.” हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले. रावेरच्या फ्लॉपीला कधी उचकी लागत नव्हती.

मेच्या मध्यावर अहवाल नऊ दिवस मागे पडले. साहेबांनी मला बोलावलं आणि हे कशामुळे होतंय ते लेखी द्या म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना दर शनिवारी संचालकांच्या समितीपुढे उभं राहावं लागायचं, आणि तिथे त्यांना उत्तर लागायचं.

आकडे मांडायचं काम मला लहानपणापासून आवडतं. घरी गॅसचा सिलिंडर किती दिवस गेला हेही मी कॅलेंडरवर लिहितो. मी आवक-रजिस्टर घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत टिपणी तयार केली. नव्या आवृत्तीनंतर रावेरहून चौऱ्याहत्तर फ्लॉप्या आल्या, इशारा एकीवरही नाही. धुळ्याहून ब्याण्णव आल्या, इशारा सदतिसांवर. धुळ्याच्या शाखेत याच काळात झालेला बदल एकच: एक एप्रिलपासून नवीन ऑपरेटर रुजू. निष्कर्ष म्हणून मी लिहिलं की फ्लॉपी नीट बंद न करता काढली जात असावी किंवा हाताळणीत हयगय होत असावी.

“असावी” असं दोनदा लिहिलं होतं. तेवढ्याने आपण सुटलो असं मला वाटलं.

साहेबांनी टिपणी वाचली आणि म्हणाले, “तुमचे आकडे कधी चुकत नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगितलं.” मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

सोमवारी धुळ्याच्या ऑपरेटरला मेमो गेला. माझी टिपणी त्याला जोडलेली. खुलासा शुक्रवारपर्यंत द्यावा, शनिवारच्या बैठकीत निर्णय होईल. ती बाई पंचविशीची, बी.एस्सी. झालेली, दोंडाईच्याहून रोज एस.टी.ने धुळ्याला ये-जा करणारी. नेमणूक तात्पुरती. हयगयीचा ठपका ठेवून काढलं असतं तर तालुक्यातल्या कोणत्याही संस्थेत तिला पुन्हा अर्ज करता आला नसता, कारण सगळ्या संस्थांचे संचालक तेच ते. हे मला माहीत होतं. टिपणी लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही इतकंच.

मंगळवारी जेवताना मी बायकोला हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती फ्लॉपी कशी काढते ते तुम्ही बघितलंय?”

मी म्हटलं, बघायला मी धुळ्याला कुठे असतो.

“मग लिहिलंत कशावरून?”

मी म्हटलं, आकड्यांवरून. ती भांडी उचलून आत गेली.

बुधवारी सकाळी एक गोष्ट झाली. आदल्या दिवशी वीज गेल्यामुळे धुळ्याची फ्लॉपी संध्याकाळी तशीच राहिली होती. ऑपरेटरने ती सकाळी घातली आणि म्हणाला, “आज उचकी नाही. रात्री पाणी प्यायली वाटतं.”

तो हसला. मला हसता आलं नाही. मी आवक-रजिस्टर पुन्हा उघडलं. त्यात फ्लॉपी कधी आली याबरोबर कधी उघडली याचीही वेळ असायची. तो रकाना पहिल्या वेळी मी पाहिलाच नव्हता, कारण मी फक्त कुठून आली ते मोजत होतो. आता उघडायच्या वेळेप्रमाणे मांडलं. धुळ्याच्या ज्या फ्लॉप्या त्याच दिवशी दुपारी उघडल्या त्या छत्तीस. छत्तीसच्या छत्तीस इशारा. ज्या दुसऱ्या दिवशी किंवा नंतर उघडल्या त्या छप्पन्न. त्यातल्या फक्त एकीवर इशारा.

हयगय करणारा माणूस फ्लॉपी इथे कधी उघडणार ते पाहून हयगय करत नाही. आणि बिघडलेली फ्लॉपी रात्रभर ठेवल्याने दुरुस्त होत नाही.

कपाटातली सीडी मी त्या दिवशी काढली. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं, कूलरमधलं पाणी संपलं होतं, ते भरायलाही मी उठलो नाही. इशाऱ्यातले शब्द घेऊन सगळ्या कोडमध्ये शोध लावला. फाइल-व्यवस्थेच्या भागात ती ओळ सापडली. तिच्या वर एक अट होती, आणि अटीच्या वर लिहिणाऱ्याने इंग्रजीत टीप ठेवली होती, तिचा अर्थ असा: हे कधी व्हायला नको.

अट साधी होती. प्रत्येक फ्लॉपीच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो: जागा किती, फाइली किती, आणि शेवटचं केव्हा लिहिलं गेलं. नवी आवृत्ती ही शेवटची वेळ मशीनच्या स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहत होती. फ्लॉपीवरची वेळ अजून यायचीच असेल, म्हणजे फ्लॉपी उद्या लिहिलेली असेल, तर तक्ता खराब झाला असं धरून इशारा द्यायचा. लिहिणारा कुठल्या तरी परक्या गावी बसलेला. दोन गावांच्या दोन घड्याळांमधून फ्लॉपी जाईल हे त्याच्या मनात आलं नसावं.

म्हणजे धुळ्याचं मशीन पुढे होतं. किती पुढे, ते मोजायला हवं होतं. आणि त्यासाठी धुळ्याला फोन करायला हवा होता.

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन लागला. तिनेच उचलला. मी नाव सांगितलं.

“बोला, सर. अजून एखादा आकडा राहिला का?”

मी सांगितलं की एक चाचणी करायची आहे. कोऱ्या फ्लॉपीवर एक छोटी फाइल लिहायची, लिहिताना खरी वेळ काय होती ती कागदावर टिपायची, आणि फ्लॉपी मिळेल त्या पहिल्या बसने पाठवायची.

“माझ्या हातून फ्लॉप्या बिघडतात असं तुम्हीच लिहिलंय. मग माझ्याच हातून चाचणी कशी?”

मी म्हटलं, “ताई, मी लिहिलं ते बहुतेक चुकलंय. पण बहुतेकवर समिती ऐकणार नाही.”

मग तिने विचारलं, खरी वेळ म्हणजे कोणती. तिचं मनगटी घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर लावलेलं होतं. तिचे वडील दोंडाईच्याच्या स्टेशनवर नोकरीला होते आणि घरात सकाळी सगळ्यांची घड्याळं मिळवली जायची. मी म्हटलं, तेच धरा.

फ्लॉपी अडीचला आली. पुडक्यावर चिठ्ठी होती: लिहिलं अकरा वाजून पाच मिनिटांनी. मी ती जोडली. इशारा आला. तपासणी न चालवता मी त्या छोट्या तक्त्यातली वेळ थेट वाचली. ही वेळ तास-मिनिटांत नसते, ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद झाले असा तो एक लांबलचक आकडा असतो. तिने लिहिलेल्या खऱ्या वेळेचे सेकंद मी कागदावर काढले आणि वजाबाकी केली. वीस हजार पाचशे वीस. दोनदा केली, तेवढेच आले. पाच तास बेचाळीस मिनिटं.

पाच तास तीस मिनिटं तर लगेच ओळखू आली. आपली वेळ ग्रीनिचच्या तेवढीच पुढे आहे. मशीन सुरू करताना त्याने ग्रीनिचची वेळ विचारली असता कोणीतरी भारताची वेळ भरली होती आणि आपण कोणत्या देशात आहोत ते मशीनला सांगितलं नव्हतं. त्यामुळे धुळ्याच्या पडद्यावर वेळ बरोबर दिसत राहिली, पण फ्लॉपीवर जाताना साडेपाच तास पुढची जात राहिली. दुपारच्या बसने आलेली फ्लॉपी आम्ही त्या मुदतीच्या आत उघडली की इशारा. रात्र मध्ये गेली की इशारा नाही.

साहेबांकडे मी तसाच कागद घेऊन गेलो. त्यांनी ऐकलं, त्यांना पटलं, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“मग ती ओळच उडवा ना कोडातून. कटकट संपली.”

मी म्हटलं, ओळ उडवता येईल, पण मेमोचं काय?

“टिपणी द्या, तांत्रिक कारण निघालं म्हणून. समिती बघेल.”

समिती काय बघेल ते मला दिसत होतं. धुळ्यातलं तांत्रिक काम ती बाई करत होती. तांत्रिक कारण म्हणजे तिचंच कारण, असा अर्थ कोणीही काढला असता. आणि दोन गोष्टी अजून जुळत नव्हत्या. बारा मिनिटं कुठून आली, आणि छप्पन्नांतली ती एक फ्लॉपी, जी दुसऱ्या दिवशी उघडूनही इशारा देत होती. ज्यात एक बसत नाही तो हिशेब मी पुढे करणार नव्हतो. एकदा केला होता.

आधी ती एक फ्लॉपी. रजिस्टरवरून तारीख काढली, फ्लॉपी शोधली. तपासणीत तिच्यात खरोखर दोष निघाला: तक्त्यातली वेळ भलत्याच पुढच्या सालची झाली होती आणि चार नमुन्यांच्या फाइली वाचता येत नव्हत्या. त्या दिवशी उचक्यांना कंटाळून कोणी तपासणी चालवलीच नव्हती, नुसतं बटण दाबून पुढे गेले होते. चार नमुने कुणाचे, ते पाहिलं. अहवाल अजून छापायचे होते. ऑपरेटरला विचारलं, ही फ्लॉपी रात्री कुठे होती. तो आता चेष्टा करत नव्हता. टेबलावर जागा नसली की संध्याकाळच्या फ्लॉप्या तो स्टॅबिलायझरवर रचून ठेवायचा. ती जड लोखंडी पेटी म्हणजे आत मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि फ्लॉपीवरची नोंद लोहचुंबकानेच केलेली असते.

शुक्रवारी सकाळी धुळ्याला दुसरा फोन केला. त्या तारखेच्या फ्लॉपीची प्रत आहे का? ती म्हणाली, प्रत्येकीची आहे, रुजू झाल्यापासून. मला हे माहीत नव्हतं. टिपणीत “हाताळणीत हयगय” असं लिहिताना मी हेही विचारलं नव्हतं. तिने प्रत लावून पाहिली. चारही फाइली चांगल्या होत्या. फ्लॉपी धुळ्याहून नीट निघाली होती आणि आमच्या टेबलाशेजारी बिघडली होती.

मग मी विचारलं, पडद्यावरची वेळ आणि तुमचं घड्याळ यांत फरक किती?

“बारा मिनिटं. पडदा पुढे आहे.”

“हे कधीपासून?”

“मी आले तेव्हापासून. भिंतीवरचं घड्याळही तेवढंच पुढे आहे, म्हणून मला वाटलं ऑफिसची वेळच तशी ठेवलीय.”

“तुम्ही कधी मशीनची वेळ बदलली?”

“त्याला पासवर्ड लागतो, सर. तो मला कोणी दिलाय?”

पासवर्ड एकाच माणसाकडे होता.

भिंतीवरच्या घड्याळाबद्दल कोण सांगेल, मी विचारलं. तिने शाखेतल्या शिपायाला फोन दिला. त्यांना सगळे आबा म्हणत. पन्नाशी उलटलेले, शाखा उघडल्यापासून तिथेच. त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत.

“हाओ भाऊ, बारा मिनिट पुढे शे. मीच ठेयेल शे. पाचनी बस कोनासाठे थांबत नही. आठे बठ्ठा बाहेरगावना शेतस.”

पाचची बस कोणासाठी थांबत नाही, आणि इथे सगळे बाहेरगावचे. ज्याला बस गाठायची असे तो त्या घड्याळाकडे पाहून उठायचा. शाखेतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, त्यामुळे कोणाचंच नुकसान नव्हतं. फेब्रुवारीत एक दिवस जळगावचा एक माणूस आला, ज्याला ते माहीत नव्हतं. मशीनने वेळ विचारली. त्याने मान वर केली, कपाटाच्या वरच्या घड्याळात पाहिलं, आणि ती वेळ भरली. मला ते आता स्पष्ट आठवत होतं. काटे पाहताना उन्हाची तिरीप काचेवर पडली होती म्हणून मी एक पाऊल सरकलो होतो.

साडेपाच तासांची चूक कोणाचीही असू शकली असती. त्यातून मी निसटलो असतो, आणि खरं सांगायचं तर गुरुवारी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना थोडा निसटलोही होतो. बारा मिनिटं मात्र माझी होती. ती बाई रुजू होण्याआधी दीड महिना मी ती मशीनमध्ये घालून आलो होतो.

दुसरी टिपणी लिहायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. शनिवारी दुपारी चारला बैठक होती, मी तीनला साहेबांपुढे कागद ठेवला. सदतीस इशारे: छत्तीस निराधार, घड्याळाच्या फरकामुळे; एक खरा, जळगाव कार्यालयात फ्लॉपी स्टॅबिलायझरवर ठेवल्यामुळे. धुळ्याच्या ऑपरेटरकडून एकही नाही. घड्याळ चुकीचं लावणाऱ्याचं नाव खाली, माझं.

साहेबांनी दोनदा वाचलं.

“नाव कशाला टाकता? पहिली टिपणी तुमची, दुसरीही तुमची. उद्या तुमच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?”

मी म्हटलं, नाव नसेल तर ते तिचं आहे असंच वाचलं जाईल.

“आणि ओळ उडवलीत?”

“नाही साहेब. ती उडवली तर तो सदतिसावा पुन्हा दिसणार नाही.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कागद फाइलीत घातला आणि उठले. बैठक सव्वाचारला सुरू झाली. मी माझ्या टेबलाशी बसून राहिलो. कोडातली दुरुस्ती त्याच वेळात केली, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. अट काढली नाही. तिचे दोन भाग केले. फ्लॉपीची वेळ एक दिवसापर्यंत पुढे असेल तर मशीनने म्हणावं: दोन घड्याळांत फरक दिसतो, घड्याळं तपासा. त्याहून जास्त असेल, किंवा तक्त्यातलं दुसरं काही जुळत नसेल, तरच बिघाडाचा जुना इशारा. सगळ्या मिळून सात ओळी. त्या वापरात आणायला पूर्ण सिस्टिम नव्याने बांधावी लागायची, पन्नास मिनिटं. चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दारापलीकडे संचालकांचे आवाज चढत होते आणि उतरत होते, शब्द कळत नव्हते. एकदा माझं आडनाव ऐकू आलं.

सहाला साहेब बाहेर आले. मेमो मागे घेतल्याचं पत्र त्यांनी स्वतः सही करून माझ्या हातात दिलं. “सोमवारी तुम्हीच नेऊन द्या,” म्हणाले. “आणि तुमचा खुलासा मला मंगळवारी हवा.” त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात “दक्षता: साधारण” असा शेरा आला. तो योग्य होता.

सोमवारी दुपारच्या बसने धुळ्याला गेलो. तिला पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, मग दुसऱ्या टिपणीची प्रत मागितली. माझ्याकडे होती. ती खुर्चीवर बसली आणि पेन्सिल घेऊन एकेक बेरीज तपासली. छत्तीस आणि छप्पन्न, ब्याण्णव. मी उभा होतो. आबांनी चहा आणला, तो तिने माझ्याकडे सरकवला, पण बसा असं म्हणाली नाही.

तपासून झाल्यावर तिने दोन्ही कागदांना भोकं पाडून ते स्वतःच्या फाइलीत लावले. मग मशीनसमोरची खुर्ची मला दिली.

मी पासवर्ड टाकला, देश भारत असं सांगितलं, आणि वेळेची आज्ञा लिहिली. ती शेजारी मनगट पुढे करून उभी होती. काटा मिनिटावर आला तशी म्हणाली, “आता.” मी बटण दाबलं.

आबांनी विचारलं, भिंतीवरचं घड्याळही मागे घ्यायचं का.

“नको आबा,” ती म्हणाली. “बस तीच आहे.”

मी निघायला उठलो तर तिने एक कोरं रजिस्टर पुढे केलं. पट्टीने रकाने आखून ठेवले होते. तारीख, किती वाजता वेळ लावली, कोणी लावली. चौथा रकाना होता: कशावरून.

“भरा,” ती म्हणाली.

मी भरलं. चौथ्या रकान्यात ‘ऑपरेटरच्या मनगटी घड्याळावरून’ असं लिहिलं. तिने वाचलं आणि रेडिओचंही लिहा म्हणाली. तेही लिहिलं, मग सही केली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा कमी होते. खरे किती, तो हिशेब मी मनात केला, आणि तरी सगळ्यांबरोबर घाईने स्टँडकडे निघालो.